क्रेडिट जमा झालं, मग हप्ता तेवढाच का?

न्यू जर्सी, मिशिगन, इलिनॉय अशा थंडीच्या राज्यांत घर केलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. वीज आणि गॅसचं बिल दरमहा ठरलेलं असतं, समजा २०० डॉलर. एका महिन्यात बिलावर वेगळी ओळ येते: क्रेडिट ६० डॉलर. मनातल्या मनात वजाबाकी होते, या महिन्यात १४० भरायचे. पण बिलाच्या तळाशी 'भरायची रक्कम' म्हणून २००च छापलेले असतात. कंपनीला फोन केला, तर "क्रेडिट तुमच्या खात्यात जमा आहे" एवढंच उत्तर मिळतं. ते खरं असतं, पण साठ डॉलर नेमके कुठे आहेत ते त्यातून कळत नाही.

ते कुठेही गेलेले नसतात. या प्रकारच्या बिलावर एकाच वेळी दोन हिशेब चालू असतात. क्रेडिट पडतं एकात आणि आपली नजर असते दुसऱ्यावर. हे दोन हिशेब वेगळे ओळखता आले की बहुतेक गोंधळ मिटतो, आणि कंपनीला नेमका कोणता प्रश्न विचारायचा तेही समजतं.

ठरलेला हप्ता येतो कुठून?

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत जानेवारीत घर गरम ठेवायला जो गॅस किंवा जी वीज लागते, तिचं बिल ऑक्टोबरच्या बिलाच्या दुप्पट-तिप्पट सहज होतं. दक्षिणेकडे हाच भार उन्हाळ्यात एसीमुळे येतो. पगार मात्र बाराही महिने सारखा. म्हणून वीज आणि गॅस कंपन्या ग्राहकाला समान हप्त्यांची सोय देतात. कुणी तिला बजेट बिलिंग म्हणतं, कुणी लेव्हल पे, कुणी इक्वल पेमेंट प्लॅन. नावं निरनिराळी असली तरी काम एकच: वर्षाचं एकूण बिल अंदाजाने काढायचं आणि त्याचे बारा सारखे भाग करायचे.

अंदाजाचा आधार बहुधा त्याच घराचा मागच्या बारा महिन्यांचा वापर असतो. घर नवीन घेतलं असेल, तर आधीच्या मालकाचा वापर किंवा तशाच घरांची सरासरी धरली जाते. दरवाढ अपेक्षित असेल तर तीही त्यात मिळवली जाते.

एक काल्पनिक घर घेऊ. त्याचं एप्रिलपासूनचं खरं बिल महिन्यागणिक असं आहे: १५०, १२०, १७०, २२०, २१०, १४०, १२०, १८०, २७०, ३२०, २९० आणि मार्चमध्ये २१० डॉलर. बेरीज २४००. बाराने भागलं की हप्ता २०० डॉलर.

मीटर मात्र पूर्वीसारखाच फिरत असतो. कंपनी दर महिन्याला त्याची नोंद घेते, खऱ्या दराने खरं बिल काढते आणि ते खात्यात नावे टाकते. हप्ता ठरला म्हणजे वीज किंवा गॅस ठरावीक भावात मिळाला, असं होत नाही. दर वाढला तर वाढीव दरानेच आकारणी होते. ठरलेली असते ती फक्त दरमहा भरायची रक्कम.

वाण्याकडची वही

किराणा वहीवर आणायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं चटकन कळेल. घरातून वाण्याला दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते, समजा पाच हजार. सामान मात्र कधी चार हजारांचं येतं, तर दिवाळीत नऊ हजारांचं. वाणी वहीत दोन रकाने ठेवतो. एका रकान्यात नेलेल्या मालाची किंमत, दुसऱ्यात आलेले पैसे. दोन्हींतला फरक म्हणजे शिल्लक. ती कधी आपल्या बाजूने असते, कधी वाण्याच्या. आता समजा, तांदळाचं पोतं खराब निघालं म्हणून परत केलं. वाणी त्याचे सहाशे रुपये वहीत आपल्या नावावर जमा करतो. म्हणून पुढच्या महिन्याचे पाच हजार आपोआप चार हजार चारशे होत नाहीत. ते व्हायला हवे असतील, तर ते वेगळं ठरवावं लागतं.

समान हप्त्याच्या बिलावर हे दोन रकाने 'प्रत्यक्ष खात्याची शिल्लक' आणि 'या महिन्याचा हप्ता' अशा अर्थाच्या शब्दांनी छापलेले असतात. पहिली रक्कम बहुधा बारीक अक्षरात, कधी दुसऱ्या पानावर. हप्ता मोठ्या ठळक अक्षरात. माझ्या मते हे उलटं असायला हवं होतं. आपली खरी आर्थिक स्थिती सांगणारा आकडा पहिला आहे.

तो डोळ्यांआड राहण्याचा आणखी एक परिणाम होतो. दर महिन्याला तीच रक्कम जात असली की वापर किती झाला याकडे लक्ष जात नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन सेक्स्टन यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या वीजग्राहकांच्या नोंदी अभ्यासून २०१५ साली दाखवलं की बिल बँकेतून आपोआप भरलं जाऊ लागलं, की घरगुती वापर वाढतो. खर्च नजरेआड झाला की हात सैल सुटतो. समान हप्त्यातही हाच धोका आहे.

सुरुवातीचा महिना

वरच्या उदाहरणातलं घर एप्रिलमध्ये योजनेत आलं असं धरू. ऑक्टोबर संपेपर्यंत सात हप्त्यांचे १४०० डॉलर भरून झालेले असतात आणि खरं बिल झालेलं असतं ११३०. म्हणजे २७० डॉलर जमा. नोव्हेंबरअखेर ही जमा २९० होते. मग थंडी ती खात जाते: डिसेंबरअखेर २२०, जानेवारीअखेर १००, फेब्रुवारीअखेर १०, आणि मार्चअखेर शून्य.

तेच घर नोव्हेंबरमध्ये योजनेत आलं तर? वर्षाचं बिल तेच, हप्ताही तोच. पण सुरुवातीलाच थंडी. पहिल्या महिन्यात वीस डॉलर जमा दिसतात, डिसेंबरअखेर पन्नास डॉलर देणं होतं, जानेवारीअखेर १७०, फेब्रुवारीअखेर २६० आणि मार्चअखेर २७०. एकही हप्ता चुकवलेला नाही, तरी २७० डॉलर देणं. ही थकबाकी नसते, पुढे ढकललेलं बिल असतं. एप्रिलपासून ते उतरू लागतं, जुलै-ऑगस्टमध्ये एसीमुळे थोडं वर जातं आणि ऑक्टोबरअखेर शून्यावर येतं.

म्हणून शेजाऱ्याच्या खात्यात जमा आणि आपल्या खात्यात देणं असं दिसलं, तर त्यावरून आपली वीज जास्त जळते असा निष्कर्ष काढू नये. त्याने एप्रिलमध्ये सुरुवात केली असेल, आपण नोव्हेंबरमध्ये.

क्रेडिट पडतं कुठे?

क्रेडिट अनेक वाटांनी येतं. मीटरचं आधी अंदाजाने घेतलेलं वाचन नंतर खरं घेतल्यावर कमी निघालं, तर फरक परत मिळतो. जोडणी घेताना भरलेली अनामत व्याजासह वळती होते. नियामक आयोगाने कंपनीला जास्त आकारलेले पैसे परत करायला लावलेले असतात. छतावरच्या सौरपॅनेलमधून जादा वीज ग्रिडमध्ये गेलेली असते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अमेरिकेत १९८१ च्या कायद्याने आलेला संघराज्य सरकारचा मदत कार्यक्रम आहे, लो इन्कम होम एनर्जी असिस्टन्स प्रोग्रॅम. त्याचे पैसे बऱ्याचदा कुटुंबाच्या हाती न येता थेट कंपनीकडे, त्या कुटुंबाच्या खात्यावर जातात.

यांतलं कोणतंही क्रेडिट आलं, की साधारणपणे ते पहिल्या रकान्यात, म्हणजे प्रत्यक्ष खात्यात पडतं. नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या आपल्या घराला मार्चमध्ये ६० डॉलरचं क्रेडिट मिळालं, तर २७० डॉलरचं देणं २१० होतं. हप्ता राहतो २००. कंपनीच्या दृष्टीने हप्ता वर्षभराच्या अंदाजावरून काढलेला आहे. मध्येच एका महिन्यात तो घटवला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वाढवला, तर 'दरमहा सारखं' हा योजनेचा हेतूच उरत नाही.

मग ग्राहकाला ते साठ डॉलर प्रत्यक्ष कधी मिळतात? हे योजनेच्या घडणीवर अवलंबून असतं.

काही कंपन्या बाराव्या महिन्यात पूर्ण हिशेब करतात. वरच्या उदाहरणात ऑक्टोबरअखेर शून्याऐवजी साठ डॉलर जमा उरतात. ते परत मागता येतात, किंवा पुढच्या वर्षात ओढले जातात. ओढले तर २४०० मधून ६० वजा जाऊन २३४० उरतात, म्हणजे नवा हप्ता १९५. याला वर्षाचा हिशेब म्हणू. यात वाट पाहावी लागते.

काही कंपन्या मध्येच, तीन किंवा सहा महिन्यांनी, फेरआढावा घेतात. मार्चअखेर आढावा झाला तर उरलेल्या सात महिन्यांचा अपेक्षित वापर ११३० डॉलर, त्यात देणं २१० मिळवून १३४०, भागिले सात: हप्ता सुमारे १९१ डॉलर. क्रेडिट नसतं तर १४०० भागिले सात, म्हणजे २००च आला असता. काही कंपन्या मात्र फरक ठरावीक टक्क्यांहून मोठा असेल तरच हप्ता बदलतात. तसा नियम असेल, तर साठ डॉलरांनी काहीच हलत नाही.

तिसरी पद्धत सरकत्या सरासरीची. इथे हप्ता दर महिन्याला थोडा बदलतो. मागच्या बारा महिन्यांची सरासरी घ्यायची आणि तिच्यात खात्यावरच्या शिल्लकीचा बारावा भाग मिळवायचा किंवा वजा करायचा. सरासरी २०० आणि देणं २७० असेल, तर हप्ता २२२.५० होतो. साठ डॉलर क्रेडिटनंतर देणं २१०, म्हणून हप्ता २१७.५०. साठातले पाचच डॉलर या महिन्यात दिसले. बाकीचे पुढच्या महिन्यांत थोडे थोडे उतरत जातात. ग्राहकाला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी पद्धत हीच, कारण क्रेडिट एका जागी पूर्ण दिसत नाही. तरी वर्षअखेरीच्या मोठ्या धक्क्यापासून हीच सर्वांत चांगली वाचवते.

*चौकट: बिल हातात आल्यावर काय पाहावं*

या महिन्याचं खरं बिल किती? हप्ता नव्हे, वापराप्रमाणे झालेली आकारणी.

प्रत्यक्ष खात्याची शिल्लक जमा आहे की देणं? मागच्या बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. क्रेडिट आलं असेल, तर ते याच फरकात सापडतं.

पुढचा फेरआढावा किंवा वर्षाचा हिशेब कोणत्या महिन्यात?

जमा उरली तर ती परत मिळते की पुढे ओढली जाते, आणि परत हवी असल्यास अर्ज करावा लागतो का?

कॅलिफोर्नियातलं हवामान-क्रेडिट

कॅलिफोर्नियात कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प, वीजकेंद्रं यांना कार्बन उत्सर्जनासाठी परवाने लागतात आणि त्यांचा लिलाव होतो. वीज आणि गॅस कंपन्यांच्या वाट्याला ग्राहकांच्या वतीने काही परवाने दिले जातात. त्यांच्या विक्रीतून आलेला पैसा घरगुती ग्राहकांना 'कॅलिफोर्निया क्लायमेट क्रेडिट' म्हणून २०१४ पासून परत मिळू लागला. विजेच्या बिलावर तो वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, दिला जाऊ लागला.

या क्रेडिटचा एक बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो. एका कंपनीच्या सगळ्या घरांना ते सारखं असतं, वापराच्या प्रमाणात नसतं. जास्त वीज जाळणाऱ्याला जास्त क्रेडिट दिलं असतं, तर बचतीचं कारणच गेलं असतं. दर तोच ठेवायचा आणि पैसे वेगळ्या ओळीत परत द्यायचे, अशी ती रचना आहे. समान हप्ता भरणाऱ्या घरात मात्र ही वेगळी ओळ प्रत्यक्ष खात्यात मिसळून जाते, आणि ठळक अक्षरातला आकडा जागचा हलत नाही. राज्याने मुद्दाम दिसावं म्हणून दिलेलं क्रेडिट ज्यांना दिसत नाही, त्यांत ही घरं येतात.

ब्रिटनचे ४०० पौंड

क्रेडिट कुठे टाकायचं, हा प्रश्न एका देशाला घाईने सोडवावा लागला. २०२२ च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये गॅस आणि विजेचे भाव प्रचंड चढले होते. सरकारने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या प्रत्येक घराला ४०० पौंडांची मदत जाहीर केली. ती सहा हप्त्यांत दिली गेली: ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी ६६ पौंड, डिसेंबर ते मार्च प्रत्येकी ६७.

ब्रिटनमध्ये बहुतेक घरं डायरेक्ट डेबिटने समान हप्ता भरतात. बँकेतून दरमहा तीच रक्कम जाते, उन्हाळ्यात जमा साठते, हिवाळ्यात ती संपते. मदतीचे पैसे नुसते खात्यात जमा केले असते, तर बँकेतून जाणारी रक्कम तेवढीच राहिली असती. डिसेंबरात ज्या घरात चणचण होती, त्या घराला त्याचा त्या महिन्यात काही उपयोग झाला नसता. म्हणून या ग्राहकांसाठी दोन वाटा ठेवल्या गेल्या. कंपनीने त्या महिन्याचा डायरेक्ट डेबिट तेवढ्याने कमी करायचा, किंवा पूर्ण रक्कम कापून मदतीचे पैसे लगेच बँकेत परत पाठवायचे. दर तिमाहीला वापराप्रमाणे बिल भरणाऱ्यांच्या खात्यात सरळ क्रेडिट टाकलं गेलं, कारण त्यांच्या बाबतीत क्रेडिट आणि भरायची रक्कम एकाच रकान्यात होती. स्मार्ट प्रीपेड मीटरवाल्यांना रक्कम मीटरमध्येच मिळाली.

अडचण झाली ती जुन्या प्रीपेड मीटरवाल्यांची. त्यांना व्हाउचर पाठवले गेले. ते दुकानात किंवा टपाल कार्यालयात नेऊन वटवायचे होते. यांत गरीब घरांचं प्रमाण मोठं, आणि पुष्कळ व्हाउचर वटवलेच गेले नाहीत. रक्कम सगळ्यांना सारखी होती, पण ती कोणत्या वाटेने आली यावर कुणाला तिचा उपयोग झाला हे ठरलं.

जमा पैसा कुणाकडे असतो?

एप्रिलमध्ये सुरू झालेल्या घराचे ऑक्टोबरअखेर २७० डॉलर कंपनीकडे जमा होते. हे ग्राहकाचे पैसे आहेत, पण ते कंपनीच्या तिजोरीत असतात. लाखो ग्राहकांची अशी जमा एकत्र केली तर ती मोठी रक्कम होते.

ब्रिटनमध्ये २०२१ च्या शरद ऋतूत गॅसचे घाऊक भाव भडकले आणि पंचवीसहून अधिक छोट्या पुरवठादार कंपन्या बंद पडल्या. त्यांतल्या काहींनी ग्राहकांची जमा रक्कम रोजच्या व्यवहारात खेळवली होती. 'ऑफजेम' या नियामक संस्थेने त्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवलं, आणि घरगुती ग्राहकांची जमा नव्या कंपनीकडे सुरक्षित राहिली. त्याचा खर्च मात्र पुढे देशातल्या सगळ्या ग्राहकांच्या बिलांत विभागला गेला. त्यानंतर पुरवठादारांकडे किती भांडवल हवं याचे नियम कडक झाले. खात्यावर मोठी जमा साठली असेल, तर ब्रिटनमधला ग्राहक ती मधल्या काळातही परत मागू शकतो. कंपनीला नाकारायचं असेल, तर तसं सबळ कारण द्यावं लागतं.

आपल्याकडे

महाराष्ट्रात महिन्याच्या वापराप्रमाणे महिन्याचं बिल येतं. त्यामुळे क्रेडिट आणि भरायची रक्कम यांच्यात हप्त्याची भिंत नसते. सुरक्षा ठेवीवरचं व्याज वर्षातून एकदा बिलात वळतं होतं आणि त्या महिन्याची रक्कम लगेच कमी दिसते. आगाऊ भरणा जास्त झाला, तर बिल 'मायनसमध्ये' येतं आणि पुढच्या बिलातून तो वळता होत जातो. मीटर बंद असला किंवा घराला कुलूप असलं, की येणारं सरासरीचं बिल हा निराळा प्रकार आहे. तो वाचन मिळेपर्यंतचा तात्पुरता अंदाज असतो.

बारा महिन्यांची वही आपल्याकडे पाहायची असेल, तर ती छतावरच्या सौरऊर्जेच्या नेट मीटरिंगमध्ये सापडते. उन्हाळ्यात पॅनेलची जादा वीज ग्रिडला गेली की ते युनिट ग्राहकाच्या नावावर जमा होतात, आणि पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन घटलं की ते कामी येतात. आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्चला, त्यांचा हिशेब होतो. फरक इतकाच की इथे पैशांऐवजी युनिट पुढे ओढले जातात.

योजना मध्येच सोडली तर

घर बदललं, कंपनी बदलली किंवा योजनेतून बाहेर पडलं, की हप्ता संपतो आणि प्रत्यक्ष खात्याची शिल्लक त्या दिवशी जी असेल ती समोर येते. नोव्हेंबरमध्ये सुरुवात करून मार्चअखेर घर सोडणाऱ्याच्या शेवटच्या बिलात २७० डॉलर येतात, सगळे हप्ते वेळेवर भरलेले असले तरी. मधले काही हप्ते चुकले, तर कंपनी योजनेतून काढू शकते आणि पुढे ढकललेलं देणं एकदम मागू शकते. उलट एप्रिलमध्ये सुरुवात करून ऑक्टोबरअखेर निघणाऱ्याला २७० डॉलर परत मिळायचे असतात.

शिकायला किंवा दोन-तीन वर्षांच्या नोकरीला गेलेल्यांनी इथे खास लक्ष द्यावं. भारतात परतण्याच्या गडबडीत आधी बँकेचं खातं बंद होतं आणि मग विजेचं. परताव्याचा चेक जुन्या पत्त्यावर जातो. शेवटचं बिल येऊन परतावा जमा होईपर्यंत बँकेचं खातं चालू ठेवावं, आणि कंपनीला नवा पत्ता लेखी कळवावा. ब्रिटनमध्ये पुरवठादार बदलल्यावर शेवटचं बिल सहा आठवड्यांत आणि त्यातली जमा पुढच्या दहा कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवी, नाहीतर कंपनीला भरपाई द्यावी लागते. अमेरिकेत न वटलेले असे परतावे ठरावीक काळानंतर राज्य सरकारच्या बेवारस मालमत्ता विभागाकडे वर्ग होतात. त्या विभागाच्या संकेतस्थळावर आपलं जुनं नाव आणि शहर घालून मोफत शोध घेता येतो, आणि बहुतेक राज्यांत ही रक्कम मागायला मुदत नसते.